दादाच्या कानात

९ नोव्हेंबर

दिवसभर दुसऱ्याच्या कानात बोलायचं आणि स्वतःशी बोलायला मात्र जागा नाही, हे काही बरोबर नाही. म्हणून आजपासून वहीत लिहिणार. कॉम्प्युटरवर नाही. आमच्या घरातल्या कॉम्प्युटरवर जे काही असतं ते दादाचं असतं.

आज चुन्नीलाल सेठच्या मुर्री रोडवरच्या राईस मिलमध्ये आमचं सॉफ्टवेअर चालू झालं. आमचं म्हणजे माझं. धानाचा ट्रक गेटवर आला की त्याचं वजन, धानाचा ओलावा, बारदाना, कोणत्या खरेदी केंद्रावरून आला, सगळं त्यात भरायचं. उन्हाळ्यापासून बसले होते त्यावर. कूलरचं पाणी संपलं तरी उठले नव्हते. बसवायला गेला दादा. मी इथं फुलचूरला घरी, पलंगावर मांडी घालून, फोन कानाला. दादाच्या कानात ब्लूटूथ. सेठ विचारतो, मला ऐकू येतं, मी सांगते, दादा बोलतो.

वाटतं तेवढं सोपं नाही हे. सेठ हिंदीत बोलतो, म्हणून हिंदीत सांगायचं, आणि तेही माणसासारखं, "मैं देखता हूँ, मैं करता हूँ", कारण दादा घाबरला की मी बोलले तस्सं बोलून टाकतो. आज मधेच आईला म्हटलं, "आई, कुकर बंद कर ना," तर दादा सेठसमोर म्हणाला, "कुकर बंद कर ना." सेठ म्हणे, "कौनसा कुकर?" माझा तर जीवच गेला. दादानं लगेच सांगितलं, "बॉयलर सेठजी, हम लोग उसको कुकर बोलते हैं." हे त्याचं स्वतःचं होतं, मी दिलेलं नव्हतं. हजरजबाबी आहे तो, नाही कसं म्हणू.

दादाच का गेला, तेही लिहून ठेवते. बाबांचं सारं आयुष्य याच मिलच्या काट्यावर गेलं, म्हणजे ट्रकांचं वजन करायच्या काट्यावर. ते निवृत्त झाल्यावर एकदा सेठनं त्यांना विचारलं, "देवीदास, तेरा लड़का इंजिनियर है ना? उसको बोल कुछ बना के दे." दादा इंजिनियर नाही. तिसऱ्या वर्षानंतर कॉलेजला गेलाच नाही. बाबांना वाटतं दोन पेपर राहिलेत. बीसीए मी झाले, पण सेठनं मुलगा मागितला होता. दादा म्हणाला, "समू, सेठला बाईमाणूस चालत नाही मिलमध्ये. धानाचा हंगाम होऊ दे, मग मीच सगळ्यांना सांगतो."

ठीक आहे. हंगाम होऊ दे.

१४ नोव्हेंबर

आज फोनमध्ये एका बाईचा आवाज आला. चांगला खणखणीत. "ये ट्रक पहले लो, वो वाला गीला है, उसको बाजू करो." हमाल लोकं "जी भाभी, जी भाभी" करून राहिले होते. संध्याकाळी दादाला विचारलं, कोण ही? म्हणाला, "टीना भाभी. सेठची सून आहे. बसते तिथं."

मी म्हटलं, सेठला बाई चालत नाही ना?

"घरची सून वेगळी, समू."

तेही बरोबरच आहे म्हणा.

२३ नोव्हेंबर

राग आला आहे, म्हणून अक्षर असं.

टीना भाभी आज दादाला म्हणाली, "राजदीप भैया, ये स्क्रीन पे जो लिखा आता है, 'काँटा खाली है क्या, एक बार देख लो', ये किसने लिखा? बिलकुल घर की औरत जैसा बोलता है आपका सॉफ्टवेअर." दादा हसला. मग ती म्हणाली, "देवीदासजी फोन पे बता रहे थे आपकी बहन ने भी कंप्यूटर किया है. भेजो ना उसको. मुझे यहाँ ऑफिस में कोई चाहिए." मी पलंगावरून उठून उभीच राहिले. आणि दादा काय म्हणाला? "उसकी शादी की बात चल रही है, भाभी."

माझं लग्न! कोणाशी, ते तरी सांगायचं होतं. मी त्याच्या कानात ओरडले, तर त्यानं फोनच बंद केला.

घरी आला तेव्हा मी बोलत नव्हते. माझ्या आवडीचे समोसे घेऊन आला होता, नेहरू चौकातले. म्हणाला, "अवं, तिला एन्ट्री करायला पोरगी पाहिजे. तू सॉफ्टवेअर बनवायचं आणि तूच त्यात ट्रकचे नंबर भरत बसायचं? आणि तिथं ड्रायव्हर लोकं कसे पाहतात, माहीत आहे तुला? तुझ्याच भल्याचं बोललो."

विचार केला तर त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. क्लार्क होऊन बसले असते तर तिथंच राहिले असते. समोसे खाल्ले. पण लग्नाचं त्यानं काढायला नको होतं.

२ डिसेंबर

पुण्याच्या एका कंपनीतून दादाला फोन आला. ते मिलवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतात. सेठच्या तुमसरच्या पाहुण्यानं त्यांना आमचं काम दाखवलं. त्यांना ते बनवणारा माणूस पाहिजे. पुण्यात ऑफिसमध्ये बसून काम, आधी व्हिडिओवर मुलाखत.

दादानं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हटलं, "आता सांग त्यांना. सांग की माझी बहीण आहे." तो म्हणाला, "सांगतो ना. आज नाही, घाई केली तर गडबड वाटेल." तेवढ्यात बाबा आत आले, त्यांनी अर्धं ऐकलं होतं. आम्ही काही म्हणायच्या आत ते शेजारच्या दुर्गाप्रसाद काकांच्या दारात पोचले. "आमचा राजदीप पुन्याले चालला, कंपनीवाल्याईनं सोताहून फोन केला." गुडघे दुखतात म्हणून दुकानापर्यंत जात नाहीत, पण आज विहारापर्यंत जाऊन आले.

११ डिसेंबर

आईला सांगितलं. सगळं. आई लाखोरीची पालेभाजी निवडत होती. हात थांबले नाहीत तिचे.

"मले का दिसत नाही का वं? आंधळी आहो का मी?"

मग काऊन बोलत नाहीस, म्हटलं.

"का बोलू? तुया बाप पोराच्या नावानं चार मानसांत बसून राहिला. आयुष्यभर कोनी खुर्ची देल्ली नाही त्याले. आधी याचं होऊ दे. तुयं मी पाहीन."

तू पाहशील म्हणजे काय करशील, असं विचारलं तर म्हणाली, भाजीला पाणी आण.

खूप रडले. मग उठून सॉफ्टवेअरमध्ये धानाच्या ओलाव्याचा आकडा चुकत होता तो दुरुस्त केला, कारण टीना भाभीचे दोन ट्रक अडले होते.

१६ डिसेंबर

उद्या मुलाखत. ठरवलं आहे. उद्या मी गप्प बसणार.

ओरडणार नाही, भांडणार नाही, समोर जाऊन तमाशाही करणार नाही. नुसती गप्प बसेन. ते विचारतील, दादाला येणार नाही, आपोआप उघडं पडेल. मग त्याला सांगावंच लागेल. त्याला वाईट वाटेल, मलाही वाटेल. पण हे माझं काम आहे. माझ्या नावानं एकदा तरी कोणी हाक मारावी. मुलाखतीच्या खोलीत "समीक्षा शहारे, या" असं कोणी म्हटलेलं मला ऐकायचं आहे. यात काय वावगं आहे?

१७ डिसेंबर

लिहवत नाही, पण आज नाही लिहिलं तर उद्या मी स्वतःलाच वेगळं काहीतरी सांगेन.

समोरच्या खोलीत दादा, मागं भिंतीला पांढरी चादर. मी स्वयंपाकखोलीत दार लावून. आई बाहेर पायरीवर बसली होती, कोणी येऊ नये म्हणून. तिकडून तिघं होते. दोन सर आणि रेणू मॅडम, त्याच मुख्य. स्वतःबद्दल सांगा म्हणाले, ते दादानं पाठ केलेलं सांगितलं. मग एका सरांनी विचारलं, नेट गेलं तर दोन गेटवरच्या नोंदी नंतर जुळवता कशा? मला येत होतं. झोपेत येईल. मी गप्प बसले.

दादाचा श्वास ऐकू येत होता. तो खोकला. "सर, आवाज़ कट रहा है," म्हणाला. सरांनी परत विचारलं. मी गप्प. दुसरा प्रश्न आला, मी गप्प. मग दादा अगदी हळू, ओठ न हलवता म्हणाला, "समू." पदर तोंडात धरतात तशी ओढणी दातात धरून बसले. तिकडं सर एकमेकांत कुजबुजायला लागले. झालंच होतं. आणखी एका मिनिटाचा प्रश्न होता.

तेव्हा रेणू मॅडम म्हणाल्या, "छोड़ो ये सब. राजदीप, मैंने कल पूरा दिन आपका सॉफ्टवेअर चला के देखा. मुझे एक ही बात पूछनी है. इसमें सेव्ह का बटन क्यों नहीं है?"

आजपर्यंत मला हे कोणीच विचारलं नव्हतं. सेठनं नाही, टीना भाभीनं नाही, दादानंही नाही. बोलायचं असं मी ठरवलं नाही. कळलं तेव्हा मी बोलतच होते.

"मैडम, मेरे पिताजी इसी मिल के काँटे पर बैठते थे. एक बार सुबह से सब ट्रक चढ़ाए, और बिजली चली गई. बटन दबाना रह गया था. पूरा दिन मिट गया. सेठ ने ड्रायव्हर लोगों के सामने बोला, अनपढ़ हो तो मशीन को हाथ क्यों लगाते हो. पिताजी पढ़े-लिखे हैं मैडम, दसवीं पास हैं. कुछ बोले नहीं. उँगलियों में भूसे की धूल थी, वो पोंछते रहे. तब मैंने सोचा, जो आदमी दिनभर धूल में बैठा है, उससे बटन दबाने की शर्त क्यों? एक खाना भरो, आगे बढ़ो, वो अपने आप रह जाएगा. बिजली जाए तो जाए."

दादा माझ्या मागोमाग बोलत गेला. एक शब्द बदलावा लागला नाही. त्याचेही पिताजीच ना.

मॅडम म्हणाल्या, "आपने खुद देखा था?"

आणि मी म्हटलं, "मैं डब्बा लेकर गया था."

डबा घेऊन मी गेले होते. सातवीत होते. दादा त्या दिवशी क्रिकेट खेळायला गेला होता. आणि ते मी माझ्याच तोंडानं त्याला दिलं, "गया था" करून दिलं.

त्यानंतर सगळे प्रश्न मी सोडवले. नेटचाही. कोणी थांबवलंच नाही. खरं लिहायचं तर बोलताना मला इतका आनंद होत होता, इतका, की दादा मधे आहे हे मी विसरून गेले. रेणू मॅडम ऐकत होत्या. "अच्छा," म्हणायच्या, आणि गप्प राहून पुढचं ऐकायच्या. माझं इतकं नीट कधी कोणी ऐकलं नाही.

संपल्यावर दादा आत आला आणि जमिनीवर फतकल मारून बसला. घामानं शर्ट ओला. "आधी काऊन गप्प होतीस वं? नेट गेलं होतं का?"

हो, म्हटलं.

मग त्यानं विचारलं, "समू, बाबांचं ते खरं आहे? असं झालं होतं?"

त्याला माहीतच नव्हतं.

२२ डिसेंबर

घेतलं त्याला. पत्र आलं. आईनं खीर केली. आता सांगून काय उपयोग, पण सांगेन. नोकरी पक्की झाली की मग भीती नाही, असं दादाही म्हणतो. त्याची झोप उडाली आहे, जेवत नाही नीट. मलाच त्याची समजूत घालावी लागते.

३ जानेवारी

आज विहारात सावित्रीमाईंची जयंती. दरवर्षी मुलींचा कार्यक्रम असतो, मी शाळेत असताना भाषणं केली आहेत तिथं. या वेळी समितीनं त्यातच दादाचा सत्कार ठेवला, कारण सगळी मंडळी जमलेलीच असतात. शाल, पुस्तक आणि गुलदस्ता. गुलदस्ता बहिणीच्या हातून देऊ, असं समितीतल्या मंदाबाईंनी सुचवलं. दिला. टाळ्या वाजल्या.

दादाला दोन शब्द बोलायला लावलं. आज कानात कोणी नव्हतं. मला वाटलं अडखळेल. पण तो उभा राहिला आणि बाबांची ती काट्यावरची गोष्ट सांगितली. मराठीत, स्वतःच्या शब्दांत. माझ्यापेक्षा चांगली सांगितली. सेठचं नाव घेतलं नाही. धुळीची बोटं सांगितली. "त्या दिवशी मी डबा घेऊन गेलो होतो," म्हणाला.

बाबा पहिल्या ओळीत खुर्चीवर होते. रडायला लागले. सगळ्यांसमोर, लहान पोरासारखे. मी बाबांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीसुद्धा नाही. दुर्गाप्रसाद काका त्यांचा हात धरून बसले.

मी मागं बायकांत उभी होते. वाटलं, आता झालं. आता खरं सांगायचं म्हणजे बाबांकडून हे परत मागायचं. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.

४ जानेवारी

सकाळी बाबा अंगणात उन्हात बसले होते. मी चहा दिला. कप हातात घेऊन म्हणाले, "समू, मले वाटे का डबा तू आनत होतीस. फ्रॉक होता तुया, निळा."

मी खराटा उचलून अंगण झाडायला घेतलं.

"त्या रोजी तू होतीस ना वं? मले तर तूच दिसतेस."

बोलावंसं वाटलं. तोंडाशी आलं होतं. बाबांचे डोळे अजून सुजलेले होते, आणि कालची शाल त्यांनीच पांघरली होती.

"कधी कधी दादा पण यायचा, बाबा," म्हटलं. "त्या दिवशी दादाच होता."

"असंन," म्हणाले. "म्हातारा झालो आता." आणि चहा प्यायले.

आत येऊन भांडी घासली. घासलेलीच होती ती.

१० जानेवारी

ऑफिसमध्ये फोनवर बोलता येत नाही दिवसभर, पण कंपनीचा लॅपटॉप घरी आणता येतो, रात्री मी त्यावर बसू शकते. म्हणून दादानं बाबांना सांगितलं, खानावळीचं खाणं सोसत नाही, समूला सोबत नेतो. बाबांनी मला विचारलं, "जातेस का? त्याले जेवनाचा तरास होईल." मी हो म्हटलं. पुण्याला जायचं माझं कधीपासून होतंच. आईनं तवा, पोळपाट, परात असं सगळं बांधायला काढलं. परातीत माझे कपडे ठेवले, जागा वाचते म्हणून.

दादा म्हणाला, "तिथं गेल्यावर रेणू मॅडमना भेटवतो तुला. हळूहळू सांगू. दोनेक महिने जाऊ दे." बरोबर आहे, लगेच सांगितलं तर नोकरीच जाईल. दोन महिने काही फार नाहीत.

टीना भाभीचा आज माझ्या नंबरवर फोन आला. नंबर बाबांनी दिला म्हणे. "समीक्षा, जाने के पहले एक बार मिल में आ जा, मुझसे मिल के जा." मी म्हटलं, भाभी, पॅकिंग सुरू आहे. माझं नाव घेतलं तिनं. कशाला भेटायचं असेल तिला, देव जाणे.

१५ जानेवारी

महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये लिहिते आहे, डबा हलतो म्हणून अक्षर वेडंवाकडं. स्टेशनवर बाबा आले होते. मला म्हणाले, "त्याले सांभाळजो. लय मोठं काम करून राहिला तो." दादानं तिकडं तोंड फिरवलं.

समोर बालाघाटकडच्या एक मौसी बसल्या आहेत. मी दादाचा लॅपटॉप मांडीवर घेऊन, सोमवारी तो कामावर रुजू होणार त्यासाठी लागणारं थोडं लिहीत होते, तर त्यांनी विचारलं, "बेटी, तुम कंप्यूटर का काम करती हो?" मी मान वर करेपर्यंत दादा बोलायला लागला होता. "हाँ मौसी. वो जो मिल का सॉफ्टवेअर है ना, वो असल में इसने..." आणि तिथंच अडकला. दादा अडकला की पुढचं वाक्य मी द्यायचं, हे आता अंगवळणीच पडलं आहे. मी पटकन म्हटलं, "इसने मतलब भैया ने, मौसी. सब भैया का है. मैं तो खाना बनाने जा रही हूँ."

मौसी म्हणाल्या, अच्छा है, भाई के साथ बहन चाहिए.

दादा माझ्याकडे पाहतच राहिला, मग उठून दाराशी जाऊन उभा राहिला. तुमसर गेलं, भंडारा गेलं, अजून आला नाही. नवीन गाव, नवीन नोकरी, घाबरला असेल. आला की सोमवारचं सगळं त्याच्याकडून एकदा पाठ करून घेते.